खेळात सर्वांना जागा : शाळेच्या मैदानाची आखणी

शाळेच्या इमारतीला रॅम्प बांधला, त्याला कठडा बसवला आणि त्याची दप्तरी नोंद झाली, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांविषयीचे आपले कर्तव्य बहुतांशी पार पडले, अशी समजूत आपल्याकडील पुष्कळ शाळांतून अजून रूढ आहे. परंतु मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर जे मूल वर्गातच बसून राहते, किंवा मैदानाच्या कडेला पायरीवर बसून खेळणाऱ्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळते, त्याला शाळेचा एक मोठा आणि मोलाचा भाग बंदच राहिलेला असतो. सवंगडी जोडणे, डाव मांडणे, डावावरून भांडणे आणि भांडण मिटवून पुन्हा डाव मांडणे, हरल्याचे दुःख चारचौघांत सोसणे, ही विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. ती मैदानावर मिळते, आणि घरी, गल्लीत किंवा नातलगांत ती मिळण्याची शक्यता ज्याला इतरांपेक्षा कमी, त्यालाच शाळेनेही ती नाकारावी, हे मला फार अन्यायाचे वाटते.

म्हणून मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालक यांच्यापुढे मला जे आग्रहाने मांडावयाचे आहे ते इतकेच की, मैदानाची आखणी करताना कोणते साधन विकत आणावे हा प्रश्न सर्वांत शेवटी यावा, आणि हे मूल वर्गाच्या दारापासून खेळाच्या मध्यभागापर्यंत कसे पोहोचेल व तेथे इतरांच्या बरोबरीने काय करील, हा सर्वांत आधी. हा क्रम उलटा झाला की महागडे रंगीत साधन चिखलाच्या पलीकडे उभे राहते आणि ज्याच्यासाठी ते आणले ते मूल चिखलाच्या अलीकडे राहते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगून टाकतो, कारण समितीपुढे ठराव मांडताना तिचा उपयोग होतो. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या अधिनियमाला जोडलेल्या अनुसूचीत, शाळेला क्रीडांगण असावे आणि इमारतीत अडथळ्यांवाचून प्रवेश करता यावा, अशा दोन्ही अपेक्षा स्वच्छ शब्दांत नमूद आहेत; आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमातील १६ वे कलम सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांवर शिक्षणाबरोबरच खेळ व करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने देण्याची, तसेच इमारत आणि परिसर सुगम करण्याची जबाबदारी टाकते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधी संयुक्त राष्ट्रांचा जो २००६ चा करार भारताने २००७ साली मान्य केला, त्याच्या ३० व्या अनुच्छेदात शालेय व्यवस्थेतील खेळाचा उल्लेख मुद्दाम आलेला आहे. मैदानावर खर्च करण्याची एवढी निकड ती काय, असे विचारणारे सदस्य बैठकीत असतातच. त्यांच्यासाठी ही कलमे इतिवृत्तात उतरवून ठेवावीत.

विचार म्हणून पाहिले तर यात नवे काही नाही. मॉन्टेसोरीबाईंनी जी शैक्षणिक साधने जगभर नेली, त्यांचे मूळ इतार आणि सेगाँ या फ्रेंच वैद्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी केलेल्या प्रयोगांत होते. म्हणजे ज्या मुलांना शाळेबाहेर समजले जाई त्यांच्यासाठी शोधलेले साधन पुढे सर्वांच्याच बालमंदिरात आले. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभे केले, त्यात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच भरणारी कुरणशाळा होती. मूल जेथे आणि जसे आहे तेथपर्यंत शाळेने जावे, हे तिचे तत्त्व. आणि ज्या इंग्लंडात लेडी ॲलन ऑफ हर्टवुड या बाईंनी, १९४६ साली कोपनहेगनजवळचे एमड्रुपचे मोडक्या सामानाचे मैदान पाहून आल्यावर, साहसी खेळांच्या मैदानांची चळवळ उभारली, तेथे त्यांनीच वृद्धापकाळी, १९७० साली, लंडनमधील चेल्सी भागात दिव्यांग मुलांसाठी तसेच मैदान उभे करविले. चढणे, पाण्यात हात घालणे, घर बांधणे आणि मोडणे, थोडीशी भीती वाटणे आणि तीवर मात करणे, ही भूक शरीराच्या किंवा बुद्धीच्या मर्यादेमुळे कमी होत नाही, हा त्यांचा विश्वास होता. आपल्या मैदानाच्या आखणीचा पायाही तोच असावा.

आखणीला बसण्यापूर्वी निरीक्षण करावे. नकाशा, अंदाजपत्रक आणि दरपत्रके मागवण्याच्या आधी एखाद्या शिक्षकाने निदान पंधरवडाभर मधल्या सुट्टीत काहीही न शिकवता, कोणालाही न हटकता, कडेला बसून पाहावे: गर्दी कोठे होते, मोठी मुले मैदानाचा कोणता भाग आपला म्हणून धरून ठेवतात, लहान मुली कोणत्या झाडाखाली सागरगोटे मांडतात, आणि ज्या मुलासाठी हा सारा खटाटोप चालला आहे ते त्या वेळात नेमके कोठे असते. घड्याळ लावून हेही पाहावे की, कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलीला वर्गातून निघून स्वच्छतागृहात जाऊन, हात धुऊन, जेवून मैदानावर पोहोचेपर्यंत सुट्टीतली किती मिनिटे उरतात. पुष्कळ ठिकाणी असे आढळेल की शालेय पोषण आहाराची रांग, हात धुण्याचा नळ आणि स्वच्छतागृह ही तीन ठिकाणे इमारतीच्या तीन दिशांना असल्यामुळे त्या मुलीची सुट्टी येण्याजाण्यातच संपते, आणि तिला खेळण्याची आवड नाही असा समज शिक्षकांनी प्रामाणिकपणे करून घेतलेला असतो. अशा शाळेने पहिला खर्च नळ हलविण्यावर करावा. तो क्रीडांगणावरचाच खर्च आहे.

मुलांनाही विचारावे, आणि बोलू न शकणाऱ्या मुलाला त्याच्या रीतीने विचारावे. त्याला मैदानभर हिंडू द्यावे, तो कोठे थांबतो, कशाला हात लावतो, कोठून परत फिरतो हे पाहावे. त्याच्या आईला त्याच्या आवडीनिवडी ठाऊक असतात. समावेशित शिक्षणाचे काम पाहणारे विशेष शिक्षक केंद्रावरून शाळेला भेट देतात, त्यांना या कामात आरंभापासून घ्यावे. मग जी आखणी ठरेल ती कागदावर न ठेवता प्रत्यक्ष जमिनीवर फक्कीने मारावी आणि आठवडाभर तशीच राहू द्यावी. वाट कोठून जाईल, झोका कोठे येईल, वाळूचा हौद केवढा, हे पांढऱ्या रेषांनी दिसू लागले की मुले त्या रेषांवरूनच धावू लागतात आणि आखणीतली चूक दोन दिवसांत उघडी पडते. फक्की पुसता येते. काँक्रीट पुसता येत नाही.

आता वाटेविषयी सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते निम्मे यश तिच्यात आहे. रॅम्पच्या उताराचे प्रमाण किमान एकास बारा धरतात. म्हणजे जोते २ फूट उंच असेल तर रॅम्प २४ फूट लांब हवा, आणि चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलणाऱ्या लहान मुलासाठी तो याहूनही सौम्य असेल तर अधिक चांगले. जागा अपुरी म्हणून १० फुटांत उरकलेला रॅम्प हा मुलाला घसरगुंडीइतका अवघड होतो, आणि त्याला ढकलणारा मोठा माणूस लागला की खेळातले स्वातंत्र्य तेथेच संपते. त्यापेक्षा मध्ये वळण घेऊन तो दोन टप्प्यांत न्यावा. रुंदी ४ फुटांहून कमी नसावी, वळणावर व दोन्ही टोकांना ५ फूट लांब-रुंद सपाट चौक असावा, आणि कठड्याला दोन दांड्या असाव्यात: एक सुमारे ३ फुटांवर आणि दुसरी लहान मुलांच्या हाताला येईल अशी तिच्या खाली. बांधणाऱ्या गवंड्याकडून पाण्याच्या नळीने पातळी आपल्यासमोर मोजून घ्यावी. नजरेच्या अंदाजाने केलेल्या उतारावर विसंबू नये.

परंतु रॅम्प कोठे संपतो हे त्याच्या उताराइतकेच महत्त्वाचे आहे. शाळांचे रॅम्प बहुधा दर्शनी बाजूस, फाटकाकडे तोंड करून असतात, आणि मैदान इमारतीच्या मागे किंवा बाजूला असते. शिवाय रॅम्पचे काँक्रीट जेथे संपते तेथे पहिल्याच पावसाळ्यात माती वाहून जाते आणि तीन-चार इंचांची एक पायरी आपोआप तयार होते. खुर्चीची पुढची लहान चाके नेमकी तेथे अडतात आणि मूल पुढे फेकले जाण्याचा संभव असतो. म्हणून रॅम्प आणि मैदानातील वाट ही दोन स्वतंत्र कामे समजून वेगळी मंजुरी घेऊ नये. वर्गाच्या उंबऱ्यापासून झोक्यापर्यंत, वाळूच्या हौदापर्यंत, झाडाच्या पारापर्यंत आणि नळापर्यंत एकसंध वाट हीच मागणी एका अर्जात लिहावी. वाटेची रुंदी ६ फुटांच्या आसपास ठेवली तर दोन मुले शेजारी शेजारी बोलत जाऊ शकतात, आणि मैत्रीसाठी शेजारी शेजारी चालणे आवश्यक असते. मागून खुर्ची ढकलणाऱ्याशी बोलताना तोंड दिसत नाही.

वाट कशाची करावी हे गावच्या मातीवर ठरते. देशावरची आणि विदर्भातली काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा तिच्यावर सरळ फरशी किंवा काँक्रीट टाकले तर दोन वर्षांत ते उचकटते; वाटेपुरती काळी माती फूटभर उकरून काढावी, मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून, धुम्मसने ठोकून पक्का बसवावा, आणि मग वर काँक्रीट टाकून ते ओले असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढाव्यात, म्हणजे पाय किंवा कुबडी घसरत नाही. कोकणात आणि गोव्यात जांभा हाताशी असतो, पण त्याच्यावर पावसाळ्यात शेवाळ धरते. तेथे दर पंधरा दिवसांनी घासण्याची तजवीज नसेल तर जांभ्याची वाट धोकादायकच. पेव्हर ब्लॉक देखणे दिसतात, परंतु खालची भर नीट बसलेली नसली की ते खालीवर होतात; त्यांचा मोह शक्यतो टाळावा. गटारावरची जाळी वाटेत येत असेल तर तिच्या फटी अर्ध्या इंचाहून रुंद नसाव्यात आणि जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या याव्यात.

हीच वाट पाहू न शकणाऱ्या किंवा अंधुक दिसणाऱ्या मुलालाही मार्ग दाखवू शकते, जर तिची कड पायाला कळली तर. वाटेच्या दोन्ही बाजूंना मुरूम किंवा गवत, कडेला पिवळ्या रंगाचा ठळक पट्टा, आणि जेथे वाट फुटते किंवा धोका जवळ येतो तेथे उठावाच्या ठिपक्यांच्या फरश्या, एवढे पुरेसे होते. या ठिपक्यांच्या व रेघांच्या फरश्या १९६७ साली जपानमधील ओकायामा शहरात सेइची मियाके यांच्या कल्पनेतून प्रथम रस्त्यावर आल्या आणि आज आपल्या मेट्रो स्थानकांवर सर्वत्र दिसतात. त्या सबंध मैदानभर पसरण्याचे कारण नाही, मोक्याच्या चार जागी नीट बसवाव्यात. जागा कानांनीही ओळखता येते: फाटकाजवळ बांबूची वाजणारी झुंबरे, नळाखाली पत्र्याचे घंगाळ, भिंतीवर वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या टांगून केलेले वाद्य, आणि वाऱ्याने सळसळणारा पिंपळ, ही अंध मुलासाठी ठिकाणांची नावेच होतात. याउलट, डोक्याच्या उंचीवर येणारी फांदी, बाहेर उघडणारी खिडकीची झडप आणि चालता झोका हे त्याचे खरे शत्रू. काठी जमिनीवरचे सांगते, हवेतले सांगत नाही. म्हणून झोक्याभोवती कमरेइतका कठडा आणि आत जाण्यास एकच वाट, हा बंदोबस्त सक्तीचा मानावा.

ऐकू न येणाऱ्या मुलाला डोळ्यांनी ऐकायचे असते, तेव्हा मैदानावर आडोसे फार असू नयेत, बसण्याच्या जागा एकमेकांची तोंडे दिसतील अशा गोलाकार असाव्यात, आणि सूचना देणाऱ्या शिक्षकाने उन्हाकडे पाठ करून उभे राहू नये, कारण मग त्याच्या ओठांवर सावली पडते. घंटेच्या जोडीला एक रंगीत निशाण वर चढविण्याचा शिरस्ता ठेवला तर सुट्टी संपल्याचे त्यालाही इतरांच्याच क्षणी कळते, आणि सगळे पळाल्यावर मागे एकटे राहण्याची नामुष्की टळते.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत अडचण निराळी असते. वाट चांगली आहे, पायही चांगले आहेत, पण दोनशे मुलांचा एकदम उठलेला कोलाहल, अंगावर येणारा चेंडू, आणि केव्हा काय होईल याची अनिश्चितता, यांमुळे मूल फाटकाकडे धाव घेते किंवा कान झाकून भिंतीशी बसते. अशा मुलासाठी प्रथम कुंपण पक्के असावे आणि फाटकाची कडी लहान हातांना न उघडणारी असावी. यात हयगय चालत नाही. नंतर मैदानाच्या प्रवेशाशीच एक लहानशी थांबण्याची जागा करावी, दोन-तीन मुलांपुरता ओटा, वर सावली, जेथून सबंध मैदान दिसते. तेथे बसून खेळ पाहता पाहता मुलाला आपल्या मनाने, आपल्या वेळी आत उतरता येते. धावण्याचे खेळ, बसून खेळण्याचे खेळ आणि स्वस्थ बसण्याची जागा यांचे विभाग स्पष्ट असावेत, त्यांना झाडांची किंवा कुंड्यांची सौम्य सीमा असावी, आणि प्रत्येक विभागाशी चित्राची पाटी असावी, म्हणजे येथे काय होते हे न विचारता कळते.

त्या स्वस्थ जागेविषयी एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्या शाळांत कोपऱ्यात उभे करणे ही शिक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असल्यामुळे, शांततेसाठी केलेला कोपरा थोड्याच दिवसांत त्रासदायक मुलाला बसविण्याची जागा होऊन जातो. हे होऊ द्यावयाचे नसेल तर ती जागा सर्वांची असली पाहिजे: बांबूच्या ताट्यांचा लहान मांडव, त्यावर चढवलेला मोगऱ्याचा किंवा मधुमालतीचा वेल, आत दोघांना पुरेल असे बाक, आत-बाहेर जाण्याच्या दोन वाटा, आणि शिक्षकाला उभ्याने आतले दिसेल इतपत उंचीची भिंत. गोष्टीचे पुस्तक घेऊन बसणारी, मैत्रिणीशी गुपित बोलणारी, ताप येऊन गेल्यामुळे थकलेली, अशी कोणतीही मुले तेथे बसू लागली की स्वमग्न मुलाचे तेथे जाणे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. कोणाही मुलाला तेथे पाठवू नये; ज्याला जावेसे वाटेल त्याने जावे.

ऊन आणि पाणी यांचा विचार आपल्या हवामानात चैनीचा नाही. गडचिरोली, नंदुरबार अशा जिल्ह्यांतील आदिवासी भागांत सिकलसेलचा आजार असलेली मुले वर्गात असतात, आणि २०१६ च्या अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारांत हा आजार मोडतो, हे अनेक शाळांना ठाऊक नसते. ही मुले बाहेरून धडधाकट दिसतात. पण अंगातले पाणी कमी झाले, अतिश्रम झाले किंवा एकाएकी थंडी लागली की त्यांना असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांच्यासाठी मैदानावर सावलीत पिण्याचे पाणी, धावता धावता बसता येईल अशी थोड्या थोड्या अंतरावरची बाके, आणि पाणी पिण्यासाठी केव्हाही जाण्याची मोकळीक, एवढीच तजवीज मोठे काम करते. झाडे लावताना कडुनिंब, करंज, बकुळ, आंबा अशी दाट सावलीची निवडावीत. कण्हेर, बिट्टी, धोतरा, एरंड आणि गुंज ही विषारी असल्याने मैदानाच्या आसपासही नसावीत, कारण काही मुलांना हाती आलेली प्रत्येक वस्तू तोंडात घालण्याची सवय असते. गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटून काढावे. वाफे जमिनीलगत न करता सुमारे २ फूट उंचीचे बांधले आणि त्यांत पुदिना, तुळस, पानओवा, गवती चहा अशा वासाच्या वनस्पती लावल्या, तर खुर्चीवरच्या आणि डोळ्यांनी पाहू न शकणाऱ्या अशा दोन्ही मुलांना बागकामात वाटा मिळतो.

साधनांकडे आता येऊ. झोका घ्यावयाचा तर एका चौकटीला दोन झोके असावेत, एक नेहमीचा आणि शेजारचा पाठ टेकता येईल असा, पट्टा असलेला. सेरेब्रल पाल्सी असलेले मूल आणि त्याचा मित्र एकाच वेळी शेजारी झुलतील अशी रचना हवी. दिव्यांगांचा म्हणून एकटा झोका वेगळ्या जागी बसवला तर साधन मिळते पण सोबत मिळत नाही, आणि माझ्या दृष्टीने तो खर्च वाया जातो. झोका ज्या आडव्या दांडीला टांगला आहे तिची जमिनीपासून उंची जितकी, तिच्या दुप्पट जागा पुढे आणि तितकीच मागे मोकळी ठेवावी. खाली पडण्याच्या टप्प्यात फूटभर जाडीचा वाळूचा थर असावा. पण वाळूत खुर्ची रुतते, म्हणून पक्की वाट थेट या टप्प्याच्या कडेपर्यंत आणावी आणि पाठीच्या झोक्याखालच्या भागात ऐपत असल्यास रबराच्या लाद्या घालाव्यात. शिडी, कठडा, जाळी यांतल्या फटी साडेतीन इंचांहून लहान किंवा ९ इंचांहून मोठ्या असाव्यात. यांमधल्या मापाच्या फटीत मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते. गावच्या लोहाराकडून किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून साधने करून घेताना हे माप त्याला लिहून द्यावे.

घसरगुंडी पत्र्याची असेल तर तिचे तोंड उत्तरेकडे असावे किंवा ती झाडाच्या सावलीत असावी, कारण एप्रिल महिन्यातला तापलेला पत्रा भाजतो, आणि ज्या मुलाला पायांत संवेदना कमी आहे त्याला भाजल्याचे कळतही नाही. प्लॅस्टिकची घसरगुंडी तापते कमी, परंतु तिच्यावर घसरताना अंगात स्थिर विद्युत साठते. कॉक्लिअर इम्प्लांट केलेल्या मुलाने घसरण्यापूर्वी कानामागचे यंत्र काढून शिक्षकाकडे द्यावे हे बरे. मातीच्या नैसर्गिक किंवा मुद्दाम केलेल्या उंचवट्यावर बसवलेली घसरगुंडी मला सर्वांत पसंत आहे. शिडी नको, पडण्याची उंची नाही, रुंद असेल तर दोघे मिळून घसरतात, आणि चालता न येणारे मूलही हातांवर सरकत, मित्राच्या मदतीने माथ्यावर पोहोचते. त्या श्रमात त्याला जो अभिमान वाटतो तो उचलून वर बसवलेल्या मुलाला वाटत नाही. गोल फिरणारे चक्र बसवावयाचे तर त्याचा पाट जमिनीच्या पातळीत असावा, म्हणजे खुर्ची सरळ आत जाते. वेग मर्यादित करण्याची सोय असल्याखेरीज मात्र ते घेऊ नये.

सर्वांत कमी खर्चात सर्वाधिक खेळ देणारी वस्तू म्हणजे वाळू आणि पाणी. जमिनीवर एक हौद आणि त्याला लागूनच उंच बांधलेला दुसरा, ज्याच्या खाली सुमारे २ फूट मोकळी जागा आहे आणि कड अडीच फुटांच्या आसपास आहे, असा जोड हौद करावा. खुर्चीतल्या मुलाचे गुडघे खाली जातात आणि हात वाळूत पोहोचतात. वरच्या हौदातून खालच्यात पाणी सोडणारी पन्हळ ठेवली की वरच्या मुलाच्या हाती धरण येते आणि खालच्यांच्या हाती कालवे. कोणी कोणावर उपकार करीत नाही, डाव दोघांशिवाय चालतच नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला तीच कृती शंभर वेळा करून पाहण्यात आनंद असतो, आणि वाळू कंटाळत नाही. रात्री हौदावर जाळी घालावी, अन्यथा मांजरे आणि कुत्री तो घाण करतात; वाळू महिन्यातून एकदा चाळून घ्यावी.

साधनांच्या जोडीला खेळांचाही विचार व्हावा. आपल्या मुलांनी लहानग्याला किंवा दुबळ्याला कच्चा लिंबू म्हणून डावात घेण्याची जी रीत चालविली आहे ती मायेची आहे, आणि तिच्यामुळे कितीतरी मुले मैदानाच्या आत आली; परंतु जो वर्षानुवर्षे बाद होत नाही त्याच्यावर कधी राज्यही येत नाही, आणि मुलाला डावात खरी किंमत हवी असते. म्हणून नियम सर्वांसाठी थोडे बदलावे. लगोरी सगळ्यांनी बसून खेळली तर चालता न येणाऱ्याचा नेम सर्वांत अचूक ठरू शकतो. मामाचे पत्र गोलात बसूनच हरवते. क्रिकेटचा चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला की तो वाजत येतो, आणि डोळे बांधून सगळ्यांनीच कानांवर खेळायचे ठरवले तर अंध मुलगा कर्णधार होतो. महायुद्धातून दृष्टी गमावून परतलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली निघालेला गोलबॉल हा खेळ याच तत्त्वावर उभा आहे आणि तो आज पॅरालिंपिकमध्ये खेळला जातो. मैदानावर अशा बैठ्या डावांसाठी सुमारे ३० फूट लांबीचा एक गुळगुळीत, सावलीतला चौथरा वाटेच्या पातळीतच करून ठेवावा.

शहरातील ज्या शाळांना मैदानच नाही, दोन इमारतींमधली पट्टी तेवढी आहे, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. शिक्षकांच्या दुचाक्या तेथून हलविल्या, सुट्टी दोन पाळ्यांत दिली, भिंतीवर हाताला येईल अशा उंचीवर नळ्यांचे वाद्य, फळा आणि आरसा लावला, जमिनीवर ठळक रंगात ठिकरीचे घर व वळणांची वाट रंगविली, तर गर्दी निम्मी होते आणि गर्दी निम्मी होणे हीच अनेक मुलांसाठी सर्वांत मोठी सुधारणा असते.

अति काळजी हाही एक अडथळाच असतो, आणि तो गवंड्याकडून दुरुस्त होत नाही. फिट येणाऱ्या मुलाने एकट्याने उंच चढू नये, रक्त लवकर न गोठणाऱ्या मुलाला धक्काबुक्कीच्या खेळांपासून जपावे, हे खरे. अशा बाबतीत डॉक्टरांचा सल्ला लेखी घेऊन वर्गशिक्षकाकडे ठेवावा. परंतु त्या एका कागदाच्या आधारे मुलाला सरसकट बसवून ठेवू नये. काय वर्ज्य आहे त्याबरोबर काय करण्यास हरकत नाही, हेही डॉक्टरांना विचारावे आणि तेही लिहून घ्यावे. मैदानावर देखरेखीसाठी नेमलेल्या व्यक्तीने कडेला उभे न राहता फिरते राहावे, आणि मुलाला मदत करण्याआधी थोडा वेळ थांबावे. बहुधा दुसरे एखादे मूल पुढे होतेच.

पैशांविषयी शेवटी. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाची असते. तिच्यातून वाटेचे काम कितपत करता येईल याची ग्रामपंचायत कार्यालयात चौकशी करावी, आणि समितीचा ठराव, फक्कीच्या आखणीचे छायाचित्र व गवंड्याचे अंदाजपत्रक जोडून अर्ज द्यावा. सगळे काम एका वर्षात होण्याची अपेक्षा ठेवू नये. पहिल्या उन्हाळी सुट्टीत वाट, कुंपण आणि नळ. त्या पावसाळ्यात झाडे. दुसऱ्या वर्षी वाळूचे हौद, मांडव आणि चौथरा. झोके व घसरगुंडी त्यानंतर. प्रत्येक टप्प्यात मिळालेल्या रकमेचा दहावा हिस्सा दुरुस्तीसाठी शिल्लक ठेवावा, कारण तुटलेला पट्टा आणि गंजलेला बोल्ट असलेला झोका कुलपात जातो आणि पुष्कळदा कुलपातच राहतो. एका जाड वहीत साधनांची यादी करून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शिक्षकाने व सातवीच्या दोन मुलांनी मिळून साखळ्या, जोड, फटी आणि वाटेच्या कडा तपासून नोंद करावी. आणि जून महिन्यात, पहिला जोराचा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, वर्गाच्या उंबऱ्यापासून झोक्यापर्यंत चाकाची रिकामी खुर्ची ढकलत नेऊन पाहावी, आणि जेथे चाक अडेल तेथे त्याच दिवशी मुरूम टाकून घ्यावा.